चुकून मानलेले आभार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपासनेच्या सुरुवातीला दोन याद्या वाचल्या जातात. पहिली विनंत्यांची, दुसरी उपकारस्तुतीची. ज्याला जे मागायचं असेल ते पहिल्या यादीत जातं. मिळालं की तेच नाव दुसऱ्या यादीत येतं. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक नोंदीनंतर मंडळी उभी राहते, पेटी आणि ढोलकीवर स्तुतीचं एक कडवं गाते आणि बसते. सात नोंदी असल्या तर सात वेळा उठायचं. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याही उठतात. सुनेला दिवस गेले, दहावी सुटली, बारवी धरण भरून वाहिलं आणि नळाला पुन्हा रोज पाणी आलं, अशा सगळ्याचे आभार अंबरनाथच्या त्या पत्र्याच्या छपराखाली मी ऐकले आहेत.

मंडळीचं सेक्रेटरीपद आणि याद्या वाचण्याचं काम माझ्याकडे आलं ते मी वर्तमानपत्रात आहे म्हणून. "अक्षर वाईट आहे तुमचं," पाळकसाहेब म्हणाले होते, "पण वाचायचं तुम्हालाच आहे." मी एक नियम आणला. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय काहीही दुसऱ्या यादीत घ्यायचं नाही. त्याआधी एका घराने मुलाला नोकरी लागल्याचे आभार मानले होते आणि मुलगा मुलाखतीलाही गेला नव्हता. नियमाने असे प्रकार थांबले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पहिल्या यादीत आठ वर्षांच्या एका मुलीचं नाव आलं. कुटुंब बदलापूरचं. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. मुलीला डेंग्यू झाला होता आणि तिला उल्हासनगरच्या एका रुग्णालयात ठेवलं होतं. त्या रविवारी तिच्यासाठी प्रार्थना झाली. आठवडाभर मंडळीच्या ग्रुपवर तिच्या प्लेटलेट्सचे आकडे येत राहिले, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा खाली. शुक्रवारनंतर काहीच आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी यादी करायला बसलो. वडिलांनी फोन उचलला नाही. मी रुग्णालयात फोन लावला.

"डिस्चार्ज हो गया, साईं," काउंटरवरचा सिंधी माणूस म्हणाला. "दोपहर को ही गए."

दुसरी खात्री मंडळीतल्या एका काकूंकडून झाली. त्या जवळच राहतात आणि रोज डबा पोचवत होत्या. "अहो, मी संध्याकाळी गेले तर खाट रिकामी! चादर बदलत होते. आई बॅगा घेऊन उतरली म्हणाला वॉचमन."

दोन ठिकाणांहून खात्री. मी मुलीचं नाव दुसऱ्या यादीत घेतलं.

रविवारी ते वाचलं तेव्हा बायका आधी एकमेकींकडे वळल्या आणि मग सगळे एकदम उठले. ढोलकीवाल्याने नेहमीपेक्षा लय वाढवली. एका कडव्यावर कोणी थांबेना, दुसरं सुरू झालं. तेवढ्यात मागच्या दारात मला मुलीचे वडील दिसले. चपला काढून ते शेवटच्या बाकाशी उभे राहिले, हातातली पिशवी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांचे ओठ हलत होते. गाणं संपल्यावर मी माईकवर म्हणालो, "वडील स्वतः आले आहेत. त्यांनी पुढे येऊन साक्ष द्यावी."

ते हलले नाहीत. शेजारच्याने खांद्याला हात लावून त्यांना मधल्या वाटेत आणलं. टाळ्या पडत होत्या. माईकपाशी येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता.

"सलाम," ते आमच्या रिवाजाप्रमाणे मंडळीला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कुणाची उपकारस्तुती होती ही?"

मी मुलीचं नाव सांगितलं.

 ते माईक न धरताच बोलले, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरगी घरी नाही आली. काल दुपारी उल्हासनगरातनं मुंबईला हलवली. आयसीयूत आहे. रात्रीपासून बीपी राहत नाही. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस काढू द्या. मी कपडे न्यायला आलो होतो. म्हटलं, जाता जाता चिठ्ठी देऊन जावी."

पंख्यांचा आवाज येत होता. पहिल्या बाकावरच्या एका आजींनी माझ्याकडे पाहिलं. "अहो सेक्रेटरी, पेपरात पण असंच छापता का?"

कोणी हसलं नाही. वडील मात्र किंचित हसले.

"राहू द्या, आजी," ते म्हणाले. "आठ दिवस माझ्या तोंडून देवाचं नाव निघत नव्हतं. निघायचं ते भांडायला. आत्ता दारात आलो तर तुम्ही गात होता. म्हटलं, कुणाचं तरी लेकरू वाचलंय. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हणून मीपण म्हटलं तुमच्याबरोबर."

चूक माझी आहे आणि ती नोंद मी मागे घेतो, एवढं मी कसंबसं बोललो. आमच्या धंद्यात हेच करतात. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची.

"मागं नका घेऊ," ते म्हणाले. "देवाला दिलेलं परत कसं मागता? राहू द्या त्याच्याकडं. फक्त माझी चिठ्ठी पण घ्या."

त्यांनी शर्टाच्या खिशातून औषधाच्या कागदाची घडी काढली. मागच्या कोऱ्या बाजूला मुलीचं नाव होतं आणि खाली तीन शब्द: दिवस निघू दे. मी ते वाचलं.

पाळकसाहेबांनी प्रवचन दिलं नाही. ते खाली उतरले आणि फरशीवर गुडघे टेकले. मग सगळ्यांनी टेकले. आमच्याकडे अशा वेळी प्रत्येकजण आपापल्या शब्दांत, एकाच वेळी, मोठ्याने प्रार्थना करतो. मी जवळच्यांची वाक्यं वेगवेगळी ऐकू शकत होतो. कोणी मुलीच्या रक्तासाठी मागत होतं, कोणी डॉक्टरांच्या हातांसाठी. मागता मागता माणसं स्तुतीकडे वळत होती, आणि मला याचं कारण कळत नव्हतं. डबा नेणाऱ्या काकू रडत अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरबद्दल आभार मानत होत्या. पाळकसाहेब काहीच मागत नव्हते. ते फक्त "तू थोर आहेस, तू थोर आहेस" म्हणत होते. वडील मधल्या वाटेत गुडघ्यांवर होते, तळवे उघडे. त्यांना परत जायचं होतं. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, उठले, पिशवी घेतली आणि गेले. प्रार्थना चालूच राहिली.

मी पूर पाहिले आहेत, अपघातांच्या जागी उभा राहिलो आहे. जे वाचले ते देवाचे आभार मानतात, आणि तसं मी लिहितोही. पण स्वतःचं मूल यंत्रांवर सोडून आलेला माणूस दारात उभा राहून दुसऱ्याच्या मुलासाठी टाळ्या वाजवतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी मी यादी हातात धरून उभा होतो आणि मला भीती वाटत होती, मोठ्या पाण्याच्या काठाशी वाटते तशी.

तो दिवस निघाला. त्यांनी रात्री एवढंच कळवलं: "तसंच आहे." सोमवारीही तेच. मंगळवारी काही नाही. फोन करायचं धैर्य मला झालं नाही. मंडळीच्या ग्रुपवरही कोणी विचारलं नाही.

बुधवारी दुपारी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. आजूबाजूला चार टीव्ही चालू होते. मी एक कान बोटाने बंद केला.

"वॉर्डात आणलं," ते म्हणाले. "आत्ताच. घरी चल म्हणून भांडतीय. हाताची सुई काढा म्हणतीय. थांबा, ऐकवतो."

त्यांनी फोन तिच्याकडे धरला. पलीकडे एक मूल पूर्ण ताकदीने, संतापून, श्वास घ्यायलाही न थांबता रडत होतं. मध्येच आईचा आवाज आला, "अगं, गप की, लोक बघतायत," आणि रडणं आणखी चढलं. मी ते सगळं ऐकलं. बराच वेळ ते चाललं, आणि तेवढा वेळ मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.