डबी पदराबाहेर

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दारातच होते. पायात चपला होत्या आणि पिशवीत तिच्या कानाच्या यंत्राचे नवे सेल. दाजींचा धाकटा भाऊ सायकल भिंतीला टेकवून नुसता उभा राहिला. तो बोलायच्या आधीच मला कळलं, आणि तरी मी खुळ्यासारखं त्याला म्हटलं, की थांब जरा, सेल घेतलेत, निघालेच. त्या सकाळसाठी मी आदल्या संध्याकाळपासून जीव मुठीत धरून बसले होते. दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत मला तिला एकच गोष्ट सांगायची होती. ती राहिली... महिना उलटून गेला, अजून राहिलेलीच आहे.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही वैरागच्या. मला शाळेत घातलं आणि तिच्या कडेवर धाकटी भावंडं दिली, म्हणून मी मास्तरीण झाले आणि तिला अक्षर कधी ओळखता आलं नाही. लग्न होऊन ती सोलापुरात आली ती थेट मागांच्या खटखटाटात. पुढे घर, मागे चादरींचा छोटा कारखाना, मध्ये एक भिंत. तिची लेक सुली जेमतेम चालायला लागली होती तेव्हा अक्काला क्षयानं गाठलं. इंजेक्शनांनी जीव वाचला, पण त्याच इंजेक्शनांनी कान नेले. देवानं एका हातानं दिलं नि दुसऱ्या हातानं घेतलं, असं येणारे-जाणारे म्हणायचे. मला त्या देवाचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

पुण्याहून यंत्र आणलं. काड्यापेटीहून मोठी एक डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बसवायची गोळी. चष्मा लावला की दिसतं तसं हे लावलं की ऐकू येईल, एवढीच आमची समज. पण त्या डबीला माणूस आणि माग यांतला फरक कळत नव्हता. जे येईल ते सगळं मोठं करून ती कानात ओतायची. आपण गलक्यातून आपल्या माणसाचं बोलणं निवडून घेतो, तांदूळ निवडावेत तसं, आणि निवडतोय हे आपल्या लक्षातही येत नाही. अक्काचं ते निवडणंच गेलं होतं. “आवाज लई येतोय गं,” ती म्हणायची, “शब्द कळंना.” त्यात लोक तिच्या कानाशी येऊन ओरडायचे. डॉक्टर सांगून दमले होते, की यंत्राचा कान डबीत आहे, डबीकडे तोंड करून बोला. ते फक्त सुलीला जमलं. आईच्या मांडीवर बसलं की तिचं तोंड बरोबर डबीपाशी यायचं.

आणि पदर! सासू-सासऱ्यांसमोर सुनेनं डोक्यावरून पदर घ्यायचा, तो दोन्ही खांद्यांवरून पुढे ओढायचा, ही त्या घरची रीत. डबी त्या पदराखाली. हालचाल केली की कापड डबीवर घासायचं आणि अक्काच्या कानात नुसती खरखर. डबी पदरावर घे, असं मी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं. सासूबाई चुलीपुढून न उठता म्हणाल्या, “गळ्यात मशीन मिरवली की गाव म्हनंल, ह्यांची सून बहिरी हाय.” जणू डबी झाकली की बहिरेपण झाकलं जात होतं. मी तणतणले, अक्कानं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

तिचे खरे दिवस लाईट जायची तेव्हा उगवायचे. विजेची कपात सुरू झाली आणि भर दुपारी माग थांबायला लागले. दाजी कपाळाला हात लावायचे, कामगार बिड्या ओढत बाहेर बसायचे, आणि अक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं टाकून उंबऱ्यात यायची. सासूबाई मुकाट्यानं उठून आत जायच्या, म्हणजे हिला पदर सारायला मोकळीक. तेवढी माया त्या बाईत होती, नाही कशी म्हणू? डबी पदराबाहेर काढून अक्का सुलीला पुढ्यात घ्यायची आणि म्हणायची, “बोल.” मग सुलीच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. शाळा, भांडणं, मांजर, काहीही. अक्का ते पाणी प्यायल्यासारखं ऐकायची. लाईट आली की माग सुरू, आणि मायलेकींमध्ये पुन्हा ती भिंत.

यंदा दुखण्यानं परत उचल खाल्ली. त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा भेटीची वेळ होती. खाटेखाटेला माणसं, डब्यांची झाकणं, कुणाचं तरी रडणं, डोक्यावर पंख्याची कटकट. सासूबाई पायथ्याशी होत्या. त्यांनी आपल्या हातानं सुनेची डबी पदराबाहेर काढून ठेवली. पहिल्यांदाच... इतक्या उशिरा.

“पुष्पे,” अक्का म्हणाली, “सुली कुटं ऱ्हानार?”

माझ्याकडे, मी म्हटलं. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली आणि कळलं नाही म्हणून तिनं मान हलवली. मी डबीला तोंड लावून ओरडले, तसा आवाज फुटला आणि तिनं कळवळून कानातली गोळी उपसली. पुन्हा घातली, तर सेल उतरलेले. शेवटी मी माझ्या छातीवर हात ठेवला, माझ्याकडे, माझ्याकडे. तिला वाटलं मी डबीची खूण करतेय. तिनं बटण फिरवलं, पदर आणखी बाजूला सारला आणि आशेनं माझ्याकडे पाहिलं. “आता बोल... सांग की गं, सुली कुटं ऱ्हानार?”

तेवढ्यात घंटा झाली आणि वॉर्डबॉयनं आम्हाला बाहेर काढलं. दारातून मागे पाहिलं तर ती अजून डबी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

सुली आता माझ्याकडे असते. दाजींनीच आणून सोडली, सोबत ती डबी. फडताळात ठेवून मी तिच्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकला, तर सुलीनं तो काढून टाकला. मी पुन्हा टाकला, तिनं पुन्हा काढला. “कापड नको टाकू की मावशी,” ती म्हणाली, “खरखर होती.” तेव्हापासून डबी उघडीच असते. आमच्या गल्लीतली लाईट गेली, पलीकडचे माग थांबले, की सुली हातातलं टाकून स्टुलावर चढते. आईनं शिकवलं होतं तसं तोंड डबीपासून वीतभर लांब धरते आणि सावकाश म्हणते, “आई, मी मावशीकडं हाय.” मग लाईट येईपर्यंत तिथंच उभी राहते.