गाठीचं रक्त

आईच्या गुडघ्याचा एमआरआय काढायला मी तिला डहाणू रोडला घेऊन गेलो होतो. बाहेर बाकावर शेजारी एक मासे विकणाऱ्या बाई बसल्या होत्या. आत त्यांच्या नवऱ्याच्या लिव्हरमधल्या गाठीची तपासणी चालली होती. गाठ केवढी असेल ते मापत असल्यासारख्या त्या सारखी मूठ मिटायच्या, तिच्याकडे बघायच्या, पुन्हा उघडायच्या.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मावशी, गाठ मागच्या वेळेएवढीच आहे. पण शिरेतून सोडलेलं औषध गाठीत किती भरभर शिरतं, ते आता कॉम्प्युटर आपोआप मोजतो. त्यावरून दिसतंय, तिला रक्त बरंच कमी मिळतंय. म्हणजे गोळ्या लागू पडल्यात."

"तेवढीच हाय, तर कमी काय झालं?"

"तिचं रक्त. तिचं खाणंच म्हणा ना," असं म्हणून त्या आत गेल्या.

बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, जेवण तर यांचंपण सुटलंय. मग त्या कॉम्प्युटरला उपाशी कोण दिसलं? गाठ, का माझा माणूस?"

"डॉक्टर म्हणतात म्हणजे चांगलंच असेल," मी म्हणालो.

"तुमाला कळलं काय?"

"नाही."

त्यांचा चेहरा जरा सैल झाला, त्या मागे भिंतीला टेकल्या. "मला वाटलं, मलाच नाय कळलं."

सगळं कळलेला माणूस शेजारी असता, तर त्या एवढ्या निवांत टेकल्या असत्या का, कोण जाणे.

तेवढ्यात दंडावरचा कापूस दाबत नवरा बाहेर आला. "काय बोलले?"

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गाठ उपाशी हाय," त्या म्हणाल्या. "तुमी चला, जेवून घ्या."