माप न घेतलेला डगला

राजवाड्याच्या शिवणखान्यात एक मावशी होती. स्वभाव एकच, संशय. कापड आलं की ती उजेडात धरणार, पाण्यात बुडवणार, काठ ओढून बघणार. दुकानदार शपथा घेऊन थकला तरी हिचं आपलं "बघू या." कुणी गोड बोललं की ती आधी त्याच्या हातांकडे बघायची. आणि खरं सांगायचं तर त्या राजवाड्यात तिचं काही चुकतही नव्हतं.

कारभाऱ्याला तिने चढताना पाहिलं होतं. आला तेव्हा हा सरकारांपुढे दिवा धरायचा, नजर खाली, आवाज लोण्यासारखा. मग काय झालं कुणास ठाऊक, जुन्या खजिनदाराबद्दल सरकारांचं मन फिरलं. मग सरकारांचे दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, आणि दोघेही गाऱ्हाणी घेऊन जायचे कुणाकडे? तर याच्याचकडे! याला कुणाबद्दल वावगं बोलताना कुणी ऐकलं नाही. माणसं आपली एकेक करून गाशा गुंडाळत गेली आणि हा वर वर सरकत गेला.

"केसाने गळा कापतो मेला," मावशी भाच्याला बजावायची. "त्याच्यासमोर जांभईसुद्धा देऊ नकोस."

भाचा म्हणजे तिचा जीव की प्राण. बहीण गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. आता तो सरकारांच्या शेजघराच्या दारावर पहारेकरी होता. हसरा, भोळा, मावशीच्या अगदी उलट.

एका सकाळी कारभारी स्वतः शिवणखान्यात आला. सगळ्या पहारेकऱ्यांना काळे डगले हवेत, तेही लगेच. मावशीच्या मनात पाल चुकचुकली. काळे डगले दुखवट्याचे, आणि सरकार तर ठणठणीत! कालच बागेत माळ्याला शिव्या घालत होते.

पहारेकरी येऊन मापं देऊन गेले. भाचा काही आला नाही.

"त्याचं माप राहिलंय," ती कारभाऱ्याला म्हणाली.

"त्याला नाही लागणार, मावशी." तो दारापर्यंत गेला, थांबला. "पोरगा गुणी आहे हो."

खजिनदाराचा अंगरखा शिवू नका, असा निरोप आला होता तो याच शिवणखान्यात. मग खजिनदार कोठडीत गेला आणि परत आलाच नाही. इथे ज्याचं माप थांबलं, त्या माणसाचं काही खरं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तिने भाच्याला दुपारीच गाठलं. "आत्ताच्या आत्ता निघ. धोब्याच्या गाडीतून जा, कपड्यांखाली."

"अगं मावशी, पहारा सोडून? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत! ऐकायला तू जिवंत तरी राहा!"

तो हसत होता, पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून गाडीत चढला. गाडी फाटकाबाहेर पडली. कुणी अडवलं नाही, कुणी हटकलं नाही. एवढ्या संशयी बाईला तेवढ्यापुरता संशय आला नाही.

दुसऱ्या सकाळी सरकार बिछान्यात मेलेले सापडले. दारावर पहारा नव्हता. पळाला कोण? मग खुनी कोण? लहान पोरानेही उत्तर दिलं असतं. तिनेच शिवलेले काळे डगले घालून पहारेकरी तिच्या भाच्याला शोधायला निघाले.

दुखवटा संपला आणि नवे सरकार मापाला आले. म्हणजे कारभारीच, दुसरं कोण! दोघा भावांना गादीवर एकमेकांपेक्षा तोच बरा वाटला. आरशासमोर हात पसरून तो हळू आवाजात म्हणाला, "भाचा कुठे आहे, मी विचारणार नाही. सापडला तर कुणी पळवलं आणि का, ते बोलेल. पळालेलाच बरा, तुम्हालाही आणि मलाही."

मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या.

"त्याच्या केसालाही धक्का लावणार नव्हतो मी. फक्त दार रिकामं हवं होतं. दुसरी कुणी असती तर माप राहिलेलं लक्षातही आलं नसतं. पण तुमच्या संशयावर माझा पुरता भरवसा होता, मावशी."

बोलावं तर पोराच्या जिवावर बेतणार, गप्प राहावं तर पोर जन्मभर खुनी. तिने एकेक टाचणी काढली आणि त्याच्या कॉलरला लावली. एकही टोचली नाही.

त्यानंतर ती म्हातारी होईपर्यंत त्याचेच कपडे शिवत राहिली. भाच्याची खबर आली नाही, तिने काढलीही नाही. दुकानदार मात्र खूश होता. आताशा मावशी कापड उजेडात धरत नसे, ओढून बघत नसे. तो जे देईल ते मुकाट्याने घ्यायची.