रंध्याच्या लाकडाची मूठ

माझ्या मामाला सगळे ‘चोवीस तास’ म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, दुकान चोवीस तास उघडं असतं. मग ते भर दुपारी बंद दारावर थापा मारत बसतं. खरी गोष्ट अशी की मामा सुऱ्या बनवतो, आणि मूठ चिकटवली की ती आवळून धरणाऱ्या शिकंज्यातून चोवीस तास सोडायची नाही, हा त्याचा कायदा.

“अहो, मला उद्या सकाळी दुकान उघडायचंय,” एकदा एक खाटीक काकुळतीला येऊन म्हणाला.

“मग परवा उघडा,” मामा म्हणाला.

गोंदावर बोलायला लागला की मामाला जेवणाची शुद्ध राहत नाही. मामी ताट झाकून ठेवते आणि म्हणते, “मला बघायला यायच्या आधी याला गोंद भेटला असता, तर हा आलाच नसता.” थेंबात चिकटणारा गोंद मामाच्या लेखी पाहुण्यासारखा, आला तसा जाणारा. पाच मिनिटांत आवळणारा तर तो दुकानात ठेवतच नाही. त्याचा विश्वास फक्त दोन नळ्यांच्या सावकाश सुकणाऱ्या गोंदावर. फरशीच्या तुकड्यावर दोन्ही समसमान काढायचे, रंग एक होईपर्यंत ढवळायचे. त्याआधी मुठीखाली जाणारं पोलाद जाड सँडपेपरने घासून खरखरीत करायचं, थिनरने पुसायचं, आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही. “बोटाला तेल असतं रे. राजाच्याही असतं.” शिकंजा आवळतानासुद्धा जोर दाखवायचा नाही. “गोंद सगळा बाहेर पिळून निघतो. मग आत काय उरतं? तुझा जोर!” आणि वर दोन पितळी खिळे, आरपार.

आमच्या घरी सुरीचा कायदा निराळा होता. सुरीला गरम पाणी लावायचं नाही. सुरी कापून झाली की लगेच थंड पाण्याखाली धरायची, पुसायची, जागेवर ठेवायची. लहानपणी एकदा मी सुरी गरम पाण्याच्या भांड्यात टाकली, तर आई अशी किंचाळली की शेजारची मांजर आठवडाभर आमच्याकडे फिरकली नाही. माझे वडील म्हणायचे, “या घरात माणसांपेक्षा सुऱ्यांची तब्येत नाजूक.”

याचं कारण होतं. आजोबा सुतार. आई आणि मामा त्यांना अण्णा म्हणायचे. ते गेल्यावर त्यांचा लाकडी रंधा मामाकडे आला. आई मोठी बहीण. तिने दुसरं काहीच मागितलं नाही. “एक सुरी करून दे मला. मूठ त्या रंध्याच्या लाकडाची. स्वयंपाक करताना हातात राहील.” रंधा बराच तडकला होता, मुठीपुरत्या दोनच फळ्या निघाल्या. सुरी झाली, आई खूश झाली, आणि तिसऱ्या महिन्यात कोबी चिरताना एक फळी गळून टाकायच्या पानांबरोबर कचऱ्यात गेली. आईच्या लक्षात आलं तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

ती सुरी घेऊन मामाकडे धावली. मामाने दुसरी फळी नुसती नखाने ओढली, तीही निघाली. त्याने विचारलं, “गरम पाण्यात ठेवली होतीस?”

“एकदा राहिली होती रे. भांड्यांबरोबर.”

“मग झालं तर.”

एवढंच. त्यावर आमच्या घरचा पंधरा वर्षांचा कायदा उभा राहिला.

यंदा आईने स्वयंपाकघरातलं जुनं कपाट काढलं, तेव्हा कापडात गुंडाळलेलं ते पातं आणि उरलेली फळी सापडली. “मामाला विचार, एका फळीचं काही होतंय का,” म्हणून तिने पुडकं माझ्याकडे दिलं. “आणि सांग, चूक माझीच होती, पण या वेळी जपेन.”

मी निरोप अक्षरशः दिला. मामा त्या वेळी एक पातं घासत होता. त्याचा हात थांबला.

मी पुडकं उघडलं. मुठीखालचं पोलाद आरशासारखं लखलखत होतं, गोंदाचा कणही त्याला चिकटलेला नव्हता. गोंद सगळा फळीच्या पाठीवर, एकसंध, काचेच्या तुकड्यासारखा गुळगुळीत. मामाच्या व्याख्यानांची इतकी पारायणं ऐकलेली, त्यामुळे माझ्या तोंडून चेष्टेत निघून गेलं, “हे कोणत्या अडाण्याने केलंय मामा? घासलं नाही, खिळा नाही…”

मामा हसला नाही. स्टुलावर बसला आणि त्याने फळी मांडीवर घेतली.

“ताई संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती,” तो म्हणाला. “मला सुरी तिच्या हातात बघायची होती. म्हणून पाच मिनिटांचा गोंद लावला. पातं आतपर्यंत चकाकवलं होतं, ते घासून खराब करवेना. आणि अण्णांच्या लाकडाला भोक पाडायला हात धजेना.”

“आणि गरम पाणी?”

“ते निमित्त. नीट चिकटवलेली मूठ एकदा भिजून निघत नाही. ती घेऊन आली त्या दिवशी मला हे दिसलं होतं. तुला आत्ता दिसलं तसंच.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“नवीन दुकान होतं रे. बहिणीसमोर कारागीर म्हणून उभा होतो.” त्याने फळी उलटी केली. “पाणी म्हणालो, आणि ती लगेच मान खाली घालून ‘हो’ म्हणाली. फार सोपं गेलं.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. मामाने फळीच्या पाठीवरचा जुना गोंद खरवडून काढला होता. दुसऱ्या बाजूला जोडीची फळी नव्हतीच, तिथे फिकट रंगाचं दुसरं लाकूड घेतलं. पोलाद घासून त्याचा चेहरा बिघडवला. अण्णांच्या फळीला भोक पाडताना पट्टीचा कारागीर दोनदा यंत्र बंद करून पाणी प्यायला. मग चोवीस तास. या वेळी गिऱ्हाइकही तोच होता, आणि सर्वांत जास्त घाई त्यालाच झाली होती.

सुरी द्यायला तो स्वतः आला. आईने ती दोन्ही हातांत घेतली, गडद बाजूवरून अंगठा फिरवला. “या वेळी नाही हं भिजू देणार.”

मामाने सुरी तिच्या हातातून काढून घेतली. चुलीशेजारी भांडी विसळायला पाणी तापवलेलं होतं. त्यात त्याने ती मुठीसकट बुडवली.

“अरे! वेडा झालास का?”

“राहू दे ताई.” त्याने तिचा हात धरला. “तेव्हाही पाण्याने काही झालं नव्हतं. माझं काम कच्चं होतं. मला तेव्हाच कळलं होतं.”

मी भांडी लावण्याचं नाटक करत होतो. जन्मात पहिल्यांदा.

“मी तीन दिवस गाडी कचरा ओतायची तिथला ढीग उपसत होते,” आई म्हणाली. “काठीने. मग हाताने. वाटलं, माझ्या हलगर्जीपणाने अण्णांची शेवटची वस्तू गेली.”

“ओरड ना मला.”

“तेव्हा सांगितलं असतंस तर ओरडले असते. महिनाभर बोलले नसते तुझ्याशी. संपलं असतं रे.” तिने डोळे पदराला पुसले. “आता पंधरा वर्षांचं एकदम कसं ओरडू?”

पाण्यातून वाफ येत होती. बऱ्याच वेळाने आईने सुरी चिमट्याने बाहेर काढली आणि मूठ हलवून बघितली. घट्ट होती. मग तिने नळ सोडला, सुरी थंड पाण्याखाली धरली, आधी गडद बाजू, मग फिकट, आणि लगेच फडक्याने पुसायला घेतली.

“ताई, गरम चालतं हिला,” मामा हळूच म्हणाला.

“माहीत आहे,” आई म्हणाली, आणि मूठ पुन्हा एकदा पुसली.