फळ्यावरची मावशी

मावशीच्या पदरावर कायम खडूची पांढरी बोटं उमटलेली असायची. लग्नाला निघाली तरी पदर पांढरा. कुणी झटकायला गेलं तर म्हणायची, "राहू दे गं. कुणी अत्तर लावून येतं, मी खडू लावून आले."

दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी विहार आणि विहाराच्या भिंतीवर एक काळा फळा. बालवाडीतून निवृत्त झाल्यावर मावशीने तो आपणहून अंगावर घेतला. ती माझी सख्खी मावशी नव्हती. बालवाडीत तिच्या मांडीवर बसून रडलेली निम्मी गल्ली तिला मावशी म्हणायची, तशी मीही. काम एवढंच, की फळ्यावर सूचना लिहायच्या: उद्या पाणी नाही, रविवारी डोळे तपासणी. पण सूचनेखाली जागा उरायची आणि ती मोकळी जागा मावशीला बघवायची नाही. तिथे ती रोज स्वतःच्या चार ओळी लिहू लागली. तेही सकाळी, पहिल्या शिफ्टची माणसं बसला निघायच्या आत.

सगळ्याच ओळी चांगल्या असायच्या असं नाही. एकदा नुसतंच लिहिलं होतं, 'आज फार उकडतंय.' मी हसले. ती म्हणाली, "अगं, हापशाचं पहिलं पाणी गढूळच येतं. म्हणून हापसायचं थांबतं का कुणी?"

आणि मग एखाद्या दिवशी स्वच्छ पाणी यायचं. एकदा तिने लिहिलं, 'विहारामागच्या शेवग्याला फुलं आली. हे झाड कुणी लावलं, ठाऊक आहे का?' संध्याकाळी काठी टेकत भागूबाबा आले. बायको गेल्यापासून ते कुणाशी बोलत नसत. फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "म्या लावलंय त्ये. पयला पगार झाला त्या दिशी. हिला शेंगांची आमटी लई आवडायची." मावशीने त्यांना खुर्ची दिली आणि अंधार पडेपर्यंत ऐकत बसली. पुढचे कित्येक दिवस फळ्यावर भागूबाबांच्या बायकोची आमटी शिजत होती. भागूबाबा रोज येऊन वाचायचे आणि डोळे पुसून घरी जायचे.

मला कॉलेजात कथेसाठी बक्षीस मिळालं होतं. पुढे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी तपासणीला लागले आणि लिहिणं सुटलं. मावशी विचारायची, तेव्हा मी सांगायचे, "ओव्हरटाइम असतो. काही सुचतच नाही. सुचलं की लिहीन."

"मला तरी कुठं सुचतं?" ती म्हणाली. "मी खडू उचलते, मग कळतं काय म्हणायचं होतं ते. तुला गुरुवारी सुट्टी ना? मग गुरुवार तुझा."

पहिल्या गुरुवारी मी एकटेपणा, काळोख, अथांग आकाश असलं बरंच काही लिहिलं. लोक वरची पाण्याची सूचना वाचून पुढे गेले. मावशीने मात्र शेवटपर्यंत वाचलं. "भाषा छान आहे. पण बाई, यात तू कुठं आहेस?"

पुढच्या गुरुवारी मी फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिले. काहीच सुचेना. शेवटी घरात रोज दिसणारं, माझ्या वडिलांचं लिहिलं: 'अण्णा रिटायर झाले, तरी पहाटे उठून बूट घालून बसतात. त्यांना कुणीतरी चहाला हाक मारा.' त्या सकाळी आमच्या दारात अण्णांचे जुने सोबती उभे. "चला राव, किती वाट बघायची तुमची?" अण्णा त्यांच्याबरोबर चहाला गेले. रात्री जेवताना मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "मग, पुढच्या गुरुवारी काय लिहिणार?"

मग मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दवाखान्यात मी तिला म्हणाले, "फळ्याची काळजी करू नकोस. मी लिहीत जाईन." वाटलं होतं, तिला बरं वाटेल. तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

काही आठवडे मी लिहिलं. एका सकाळी सुनेचा हात धरून मावशी फळ्यापाशी आली. डाव्या हातात खडू धरला. तो पडला, मोडला. मी उचलायला वाकले, तर तिने डोळ्यांनीच मला थांबवलं. तिच्याच बालवाडीतल्या पोरांसारखी वेडीवाकडी अक्षरं उमटत गेली: 'हात बदलला. मी तीच.' शिफ्टला निघालेली माणसं डबे धरून उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "जय भीम, मावशी." तिने खडूचा हात वर केला.

त्यानंतर तिला एका ओळीपेक्षा जास्त कधी जमलं नाही. पण तिच्या सगळ्यात चांगल्या ओळी त्याच. 'नातू अक्षरं शिकतोय. आम्ही एकाच वर्गात.' 'ऊन भिंतीवरून उतरलं, मी जिन्यावरून.' मी कौतुक केलं तर अडखळत म्हणाली, "आधी... शब्द लई होते. आता... निवडावे लागतात."

गेल्या हिवाळ्यात दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. त्या सकाळची तिची ओळ अगदी साधी होती: 'आज मेथी निवडायची आहे.' बरेच दिवस ती पुसायला कुणाचा हात धजला नाही.

आता मी रोज कंपनीच्या बसमध्ये वहीत लिहिते. पुष्कळदा हाती काहीच लागत नाही, तरी लिहिते. शेजारी लातूरकडची एक मुलगी बसते, कंपनीत जुळणीच्या लाइनवर नवीनच लागलेली. परवा तिने विचारलं, "ताई, रोज काय लिहिता ओ?" मी त्या दिवशीचं वाचून दाखवलं. कामावर टोपी घालायची म्हणून गेटवर केसांतला गजरा काढून ठेवणाऱ्या बायकांबद्दल होतं ते. ती खिडकीबाहेर बघत राहिली. वाटेतलं मोशी मागे पडलं. मग हळूच म्हणाली, "माझ्या मायचं असंच एक हाय. सांगू का?"

मी वहीचं मधलं पान फाडलं आणि पेन तिच्या हातात दिलं. चाकण येईपर्यंत तिने मान वर केली नाही.