बाबाच्या खोकल्याची नकल

शेठ म्हणाला, "ए जोकर, बुड्ढे की नकल करके दिखा."

बुड्ढा म्हंजे माया बाप. चार हातावरच उभा होता, खदानीच्या खडकात छेद मारायची मशीन धरून. शेठसंग पाहुणे आले होते, पांढऱ्या बुटाचे. दोन मिनिटांपहिले बाबानं शेठले हात जोडून एकच गोष्ट मागितली होती.

"शेठ, पानी छोडके छेद मारने दो. धूल उडती नही, चिखल होके नीचे बैठती. हमारे उधर मँगनीज की खदान में ऐसाच करते."

पाण्याचा टँकर मागंच उभा होता. रोज यायचा. शेठच्या गाडीवर धूळ उडू नये म्हून रस्त्यावर शिंपडायचा.

मी नकल केली. कमरेतून वाकलो, हात जोडले, "शेठ, पानी," म्हटलं अन् खोकललो. अगदी बाबासारखा. पहिले तीन छोटे, मंग एक लांब, मंग गुडघ्यावर हात. पाहुणे हसले. मजूरबी हसले. शेठनं गुळाचा खडा फेकला, मी तोंडानं झेलला. शेठचा कुत्रा चुकायचा कधी कधी. मी नाही चुकलो. इतका हुशार.

बाबा हसला नाही. रागावलाबी नाही. मशीन चालू केली अन् धुळीत दिसेनासा झाला.

तवा बाजूच्या राज्याची नवी राजधानी बनून राहिली होती. तिच्या रस्त्यांले गिट्टी पाहिजे. म्हून बाबा भंडाऱ्याकडून इकडे आला, गुढियारी वस्तीत खोली घेतली, संग मले आणलं. शाळा मी लहानपणीबी बाहेरूनच पाह्यली, तेबी तिथं बोरीचं झाड होतं म्हून. खदानीत गोटे फोडायचो अन् लोकाले हसवायचो. शेठनं आणखी एक काम देल्लं. सुट्टीच्या टायमाले गूळ वाटायचा. शेठ म्हणे, गूळ खाल्ला का छातीतली धूळ धुवून जाते. मी पाटी घेऊन फिरायचो. "आ कर बे!" तोंडात खडा, वरून एक जोक. बाबाच्या तोंडातबी मीच टाकला. सहा वर्षं.

बाबाले दम लागून राहिला तवा समता कॉलोनीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला. "खदान में काम करते हैं?"

"हव," मी म्हटलं. "पण साहेब, गूळ तं रोज खाते. मी स्वतः भरवतो."

डॉक्टर हसला. कंपाउंडरबी हसला. जनमभर लोकाले हसवलं, पण त्या दिवशी लोक काहून हसून राहिले तेच मले समजलं नाही.

"भैया, गुड़ पेट में जाता है. धूल छाती में. दो अलग रास्ते हैं."

मले तेबी माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांचा घोडा.

बाबाले आडवं पडता येत नव्हतं. भिंतीले टेकून बसायचा, दिवसभर. मी त्याले हसवाव म्हून शेठची नकल केली. तो पाहत राह्यला. मंग दम घेत घेत बोलला, "पोट्ट्या, माही नकल तू चांगली करतं. पण बोलणं अर्धंच घेतलं. 'पानी' म्हणतं अन् खोकलतं. पुढचं कोण बोलन?"

चार दिवसांनी गेला. बसल्या बसल्या.

तेरवी झाली, मी खदानीत गेलो. शेठ आला. "आ गया जोकर? चल, बुड्ढे की नकल दिखा. सबका मन हल्का होगा."

मी कमरेतून वाकलो. हात जोडले. लोक सवयीनं हसले. "शेठ, पानी छोडके छेद मारने दो." खोकललो नाही. "धूल उडती नही, चिखल होके नीचे बैठती." बाबाचाच आवाज. हसणं हळूहळू थांबलं. मंग मी माया आवाजात मजुराले सांगितलं, "गूळ पोटात जाते. धूळ छातीत जाते. रस्ते दोन हायेत. मी तुमाले सहा वर्षं खोटं सांगितलं. बापालेबी."

शेठनं खडा फेकला. छातीले लागला, खाली धुळीत पडला. मी तोंड उघडलं नाही.

त्याच दिवशी हाकललं मले.

आता मी दुसऱ्यांच्या खदानीत जातो. पहिले नकला करतो, लोक जमतात. मंग बाबाचं बोलणं सांगतो, पूरं. दोन जागी मार खाल्ला. एका जागी पोट्ट्यांनी मशीनी खाली ठेवल्या, टँकर येतपर्यंत उचलल्या नाही.

खोकल्याची नकल आता करा लागत नाही. आपोआप येते. पहिले तीन छोटे, मंग एक लांब. तो खोकला बंद होतपर्यंत हे तोंड बंद होत नाही.