आईचे नवस, नानांचं शेत

आई गेल्यापासून जो भेटायला येतो, तो चहा पितो आणि तिचा एक किस्सा ठेवून जातो. घरात साखर संपत आलीय, किस्से काही संपत नाहीत.

हिंजवडीतल्या पहिल्या पगारात मी आईला स्वेटर घेतला. आठवड्याभरात तो डोंगरवस्तीवरच्या सखूबाईच्या अंगावर!

"आई, तो तुझ्यासाठी होता."

"तिला बसला की."

"तुलाही बसत होता!"

"म्हणून तर मापाचा अंदाज आला."

वस्तीवर नळ नव्हता. बाया नदीकाठच्या विहिरीवरनं हंडे भरून डोंगर चढायच्या. पाईप टाकायचा तर वाटेत आमच्या नानाकाकांचं शेत. नानांना ते फार्महाऊसवाल्याला विकायचं होतं, म्हणून पाईप नको.

आई नवस बोलायची, फेडायला मात्र दुसऱ्याला लावायची. देवळाच्या लाऊडस्पीकरवर म्हणाली, "देवी, वस्तीवर नळ येऊ दे, आमचे नाना पाच नारळ फोडतील!"

नाना धावत आले. "वहिनी, माझं नाव कशाला?"

"माझं रोज ऐकून देवी कंटाळली हाय, भावजी."

तालुक्याच्या ऑफिसात नळयोजनेची फाईल अडकलेली. साहेब कायम मीटिंगमध्ये. मंगळवारी आईने वस्तीवरच्या बाया नेल्या आणि व्हरांड्यातच देवीची आरती सुरू केली. शिऱ्याचा वास सुटला. क्लार्क आले, शिपाई आला, शेवटी साहेबही आले.

"झाली का मीटिंग?" आईने विचारलं.

साहेबांच्या तोंडात शिरा! नुसती मान डोलावली. सही झाली. आता फक्त नाना उरले.

मी एका नव्या नंबरवरून, देवीचा फोटो लावून, आईला मेसेज टाकला, "नळाचं बघते."

रिप्लाय आला, "बघते नको. तारीख सांग. आणि आमच्या पोराला म्हणावं, जेवायला ये, ताट वाढलंय."

पुढे आई आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये नाना तिला भेटायला आले. आईने पाईपचं काढलं.

"वहिनी, तुमी आधी बऱ्या व्हा, मग बघू."

"तेवढा येळ न्हाई हो, भावजी."

नाना उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. 

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर, पण एकही खाली येईना. मी म्हणालो, "आई, वस्तीवर जात जाईन." कावळे ढिम्म. बाबा म्हणाले, "बीपीची गोळी वेळेवर घेईन." ढिम्म.

सखूबाईने नानांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच.

"माझ्याकडं काय बघताय? बरं, जाऊ दे पाईप माझ्या शेतातनं!"

कावळे जागचे हलले नाहीत. सखूबाई झाडाकडे बघून आईला ओरडून म्हणाली, "आक्का, ह्ये नुसतं बोलत्यात बरं का!"

नाना भडकले. तिथूनच जेसीबीवाल्याला फोन लावला. मशीन शेजारच्या प्लॉटवरच होतं. धडधडत नानांच्या शेतात शिरलं आणि चर खणायला लागलं.

त्या आवाजाने होते नव्हते तेवढे कावळे उडून गेले!

सगळे रिकाम्या झाडाकडे बघत बसले. गुरुजींनी शांतपणे दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला शिववला.

नाना म्हणाले, "हा चालतो?"

"चालतो की."

"मग मघाशीच का न्हाई केला?"

गुरुजी हात धूत म्हणाले, "आक्कांनी सांगून ठेवलेलं, घाई करू नका."